शेठनं सर्व्हरची वायर ओढली

सॉफ्टवेअर कसं निवडायचं, हे मले कोण्या इंजिनिअरनं नाही, दिग्रसच्या रफीकशेठनं शिकवलं. शेठची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथल्या तीन जुन्या सर्व्हरवर वजनकाट्याचा, कॅमेऱ्यांचा असे सगळे कॉम्प्युटर चालवायचे होते, वेगळे खोके नाही, सर्व्हरच्याच पोटात, अन् ते सांभाळायले फुकटातलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर पाहिजे होतं. ते काम माह्याकडं; मी दोन हेरून ठेवलते. एक रंगीत, झकास. दुसरं दिसायले सरकारी फॉर्मसारखं.

रंगीत लावून दाखवलं अन् म्हटलं, "शेठ, डोळे झाकून हेच घ्या."

"डोळे झाकून तर मी कापूसही घेत नाही," म्हणत शेठ उठले अन् चालू सर्व्हरची वायर खसकन ओढली.

"अरे शेठ, काय करून राह्यले!"

स्क्रीनवर काट्याचा कॉम्प्युटर लाल झाला, म्हणजे बंद पडला, अन् लालच राहिला. मी बटनं दाबून दाबून थकलो.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरवरचं सगळं पुसून ते फॉर्मवालं लावलं. शेठनं पुन्हा वायर ओढली. दोन मिनिटं काहीच नाही. अन् मग काट्याचा कॉम्प्युटर बाजूच्या सर्व्हरवर आपोआप चालू झाला!

"हेच राहू द्या," शेठ म्हणे.

"पण शेठ, वायर ओढून पाहायचं तुम्हाले सुचलं कसं?"

शेठनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. त्यांचा माणूस कापसाच्या गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसून आतला कापूस काढून राह्यला होता.

"वरचा कापूस सगळेच कोरडा आणतात, भाऊ," शेठ म्हणे. "मी भाव आतल्याचा करतो."