खोली रिकामी आहे

—अहो, नाही नाही, उभा करू नका! झोपवलेलाच हवाय तो. टेबलात टीव्ही झोपवलेला बघून सगळेच दचकतात, तुमचं काही चुकलं नाही. सुताराकडून मुद्दाम चौकट करून घेतली, वर जाड काच बसवली आणि—अगं बाई! ही पेटी कुठे वाटेत ठेवलीत हो? तोंडावर आपटले असते ना मी. बाजूलाच ठेवली होती? असेल, असेल. हल्ली या घरात वस्तू आपणहून पायात येतात. बरं, तक्रार सांगते. पडदा कडेने अंधारतो. मध्ये कसा लख्ख, आणि कोपरे बघाल तर काजळी धरल्यासारखे.

कशासाठी म्हणजे? खेळायला! हसा, हसा. माझ्या भावजयीनेही हसून घेतलंय. चार मोठी माणसं आम्ही. माझा धाकटा भाऊ, त्याला सगळे लंबू म्हणतात, एक केमिस्ट, एक हॉस्पिटलातली सिस्टर, आणि मी. भुयारं, राक्षस, जादूच्या तलवारी असलं सगळं. गोष्ट मी चालवते, ते तिघे त्यातली माणसं होतात, आणि कोण जगलं कोण मेलं ते फासे ठरवतात. हे नकाशाचं सॉफ्टवेअर खरं तर लांब लांब राहणाऱ्यांसाठी—एक या देशात, दुसरा त्या देशात. आम्ही मेले गुडघ्याला गुडघा लावून एकाच टेबलाशी बसतो, तरी हेच वापरतो. का? कारण यात अंधार मिळतो. मी शाळेत चित्रकला शिकवते ना, पूर्वी नकाशे हातानेच रंगवायचे, पण कागदावर अंधार कुठून आणणार? सगळं आधीच दिसून जायचं. यात कसं—ज्याच्या हातात मशाल, त्याच्याभोवती तेवढा गोल उजेड, बाकी मिट्ट काळोख. ते पुढे सरकले की मी माउसने उजेड पुढे नेते, हळूहळू खोली उघडते, आणि आत काहीतरी उभं असतं! तेव्हा त्यांचे चेहरे बघायचे. नोकरी काय, घर काय, चाललंय आपलं. मी जगते ती त्या चेहऱ्यांवर. खरंच सांगते.

कोणता कोपरा म्हणता? तीच तर गंमत आहे. डावीकडे बघावं तर उजवा गेलेला असतो, उजवीकडे बघावं तर डावा. असं काय बघताय माझ्याकडे? बघितला नसेल असला बिघाड. पण मी एकटीच नाही म्हणत, त्या तिघांनाही विचारलंय. केमिस्ट म्हणाला, हो हो, अंधुकच आहे, पॅनेल गेलं असणार. लंबू म्हणाला, ताई, मला तर कधीपासून वाटतंय. सिस्टर तेवढी गप्प बसली. ती तशीच आहे—मागे एकदा माझ्या कानाशी हात धरून विचारते, किती बोटं? म्हटलं, मी काय तुझी पेशंट आहे? आणि दोन म्हणून टाकलं. बरोबर की चूक ते काही तिने सांगितलं नाही. पाणी प्यायला आत निघून गेली.

हं, लावा तुमचं यंत्र. काय म्हणतंय? सगळीकडे सारखा उजेड? नीट बघा हो. यंत्रं काय, तीही बिघडतात. खोलीतला दिवा लावू का? लावलेलाच आहे होय. माझं मेलीचं लक्षच नसतं. शाळेतून चालत येऊन येऊन दमते ना—नाही, स्कूटर सोडली मी. लोक कसेही बाजूने घुसतात, आधी कोणी नसतं आणि एकदम पुढ्यात माणूस! त्यापेक्षा पाय बरे. थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. गेल्या शनिवारचा नकाशा उघडते, म्हणजे तुम्हीच बघा. हे बघा, ही खोली. ही तिघांची पितळी माणसं काचेवर अजून तशीच उभी आहेत, मी हलवत नाही, पुढच्या वेळी इथूनच सुरू करायचं असतं. हा मध्ये खांब, हा विहिरीचा कठडा, आणि हा डावीकडचा कोपरा—सांगा, दिसतंय काही? ठार काळं आहे की नाही?

काय?

कोण उभंय? नाही हो. तिथे कोणी नाही. ही खोली रिकामी आहे, मी माझ्या तोंडाने त्यांना सांगितलं, खोली रिकामी आहे. गदा? हातात गदा घेतलेला... थांबा, वाकते जरा. हं. आहे खरा.

मीच ठेवला होता हा. तीन शनिवारांपूर्वी. पार विसरले—विसरले कुठली, रोज आठवत होतं की एक राक्षस कुठेतरी ठेवलाय, पण नकाशावर तो मिळेना, म्हटलं चुकून पुसला गेला असेल. आणि हा इथे, उजेडात, चांगला वीतभर. ते तिघे इथे बसले होते. त्यांच्या नाकासमोर होता. मी म्हटलं, खोली रिकामी आहे, आणि लंबू—अहो, हा मुलगा खेळात खुर्ची दिसली तरी आधी तलवार काढतो!—तो म्हणाला, बरं ताई, मग पुढे जाऊ. केमिस्टही म्हणाला, जाऊ. आणि बघा ना, बघा कुठून गेलेत ते. सरळ वाट सोडून, कठड्याच्या मागून, भिंतीला चिकटून, त्याला वळसा घालून. पण त्याचं नाव एकानेही काढलं नाही. मला वाटलं, आज रंगत नाहीये खेळ, सगळे दमलेले दिसतात.

नको, पुसू नका त्याला. राहू दे.

माझे बाबा शिंपी होते. दर थोड्या दिवसांनी आणखी मोठा बल्ब आणायचे. पुढे पुढे तर दुकानात इतका उजेड की गिऱ्हाईक डोळ्यांवर हात धरून आत यायचं, आणि बाबा म्हणायचे, वीज कमी सोडतात हल्ली. आई म्हणायची, हो, कमीच सोडतात. मला आईचा संताप यायचा. खोटं का बोलते, सांगत का नाही, म्हणायचे. सांगितलं असतं तरी काय, डॉक्टरांनी नंतर सांगितलंच की. गेलं ते परत येत नाही, म्हणाले. राहिलंय तेही टिकेलच असं नाही.

हो, मला माहीत आहे कुठे जायला हवं. सिस्टरच्याच हॉस्पिटलात आहेत डोळ्यांचे डॉक्टर. तुम्ही नका सांगू मला.

पडदा चांगला आहे ना? उत्तम. मग झाकून टाका. आणि एक करा—माझ्या भावाचा फोन येईल तुम्हाला, तुमचा नंबर त्यानेच दिलाय ना मला. त्याला म्हणा, पॅनेल खराब आहे, मिळेल तेव्हा बदलू. एवढं म्हणा. शनिवारी ते येतील. मी सांगेन, खोली रिकामी आहे, आणि ते म्हणतील, बरं.

निघा आता. पेटी घेतलीत? कुठे आहे? हातातच होय. जाताना दार ओढून घ्या, अर्धवट उघडं ठेवू नका.

गेलात का?

अहो?