बॉडी हातकणंगल्यात, लेन्स कोल्हापुरात

"हॅलो?… हॅलो, कोण?… कोण जोतीराम?… मोठ्यानं बोला की पावणं, ऐकू येत न्हाय… हातकणंगल्याचा? न्हाय बा. हातकणंगल्याचा मी एक स्टेशनमास्तर वळखत होतो, त्योबी रिटायर झाला. राँग नंबर."

राँग नंबर म्हटलं की फोन ठेवायची जगाची रीत आहे. सयाजीनं तो कानाला आणखी घट्ट लावला. सख्ख्या थोरल्या भावाचा आवाज नऊ वर्षांनी येत होता, आणि पावणं म्हटल्यावर तो कसा तडतडतो, हे ऐकायची संधी सोडण्याइतका सयाजी साधू नव्हता.

"… न्हाय, वळखलं न्हाय. नऊ वर्सांत वळख ऱ्हाती व्हय?… आई?… आईला काय झालं?… आरं मग आधी ते सांग की. 'आई बरी हाय', तीन शब्द. पयलं बोलायला काय वझं झालतं?… बरी हाय न्हवं?… मग ठेव फोन."

कुणीच ठेवला नाही.

या दोघांची वाटणी ज्यांनी पाहिली, ते लोक अजून पंगतीत घास हातात धरून ती सांगत बसतात. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर पंच म्हणून पेठ वडगावचे विजयसिंहमामा बसले. रान निम्मं झालं. विहिरीचं पाणी वारावर वाटलं. खाट एकाला गेली, गादी दुसऱ्याला. राहिला आबांचा फोटोचा कॅमेरा. जर्मन, जुना, रोल घालायचा, आणि वजन असं की डोक्यात घातला तर माणूस जायचा, कॅमेऱ्याला ओरखडा यायचा नाही. दोघंही सोडेनात. "बघू हिकडं," म्हणून मामांनी तो घेतला, काय धरलं, काय पिळलं ठाऊक नाही, खट्ट आवाज झाला, आणि पुढची लेन्स डाव्या हातात, मागची बॉडी उजव्या हातात. मामा आभाळाकडं बघत म्हणाले, "देवानंच केली की वाटणी." थोरल्याला बॉडी मिळाली, धाकट्याला लेन्स.

आता त्या कॅमेऱ्याच्या खाचा इतक्या आडमुठ्या, की दुसरी कुठली लेन्स त्या बॉडीला बसत नाही आणि ती लेन्स दुसऱ्या कशाला लागत नाही. पण हार कोण मानणार? जोतीराम आपल्या बॉडीला लेन्स शोधत सुटला, सयाजी आपल्या लेन्सला बॉडी. सयाजीकडं एकेचाळीस कॅमेरे जमले. पाहुण्यानं मांडीवर तीन कॅमेरे घेतल्याशिवाय त्याच्या घरात खुर्ची मिळत नाही. जोतीरामच्या लेन्सा साठावर गेल्या. एका चैतात बुरशी मरावी म्हणून त्यानं त्या अंगणात उन्हाला मांडल्या आणि समोरची कडब्याची गंज पेटली. मिरजेची गाडी त्या धुरात पाऊण तास थांबली म्हणतात. सांगणारा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

"… बरं, काय पायजे?… लेन्स. आत्ता कसा माणसावानी बोललास… देत न्हाय… कारण माझी हाय. कागदावर हाय की, 'भिंग एक नग, धाकटे यांस.' बघ तुझ्या कागदावर… किती दिवसासाठी?… एक दिवस? तुझा एक दिवस मला म्हाईत हाय. आबांची शिडी एका दिवसासाठी नेलतीस, अजून उतरतोयस तिच्यावरनं… विषय मी काढला? फोन कुणी केला?"

"… कुठला रोल?"

सयाजी एका कॅमेऱ्याचं पोट उघडून बसला होता. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"… आबांनी भरलेला?… त्यो अजून आतच हाय?… पाठ उघडलीस का?… खरं सांग. कवा तरी उन्हात मागचं झाकण उघडून आत काय दिसतंय का बघितलं असशील. उजेड लागला की सगळं पांढरं, म्हाईत हाय न्हवं?… शपथ घे… माझी नगं, माझ्या शपथंवर तू सोसायटीचं इलेक्शन काढलंस. म्हशीची घे… घेतलीस?… मग न्हाय उघडलीस."

"… आकडा काय दावतोय?… एकतीस. छत्तीसातलं एकतीस… आन बॉडीच्या तोंडाला काय लावलंयस, धूळ जाऊ ने म्हणून?… कशाचं झाकण?… हिंगाच्या डबीचं?… बसतंय?… फिट्ट?… म्हंजे साठ लेन्सा घेतल्यास त्यातली एक लागली न्हाय आन हिंगाची डबी लागली… न्हाय, हसत न्हाय. ठसका लागला."

"… मग आत्ताच का?… आईच्या डोळ्याला काय झालंय?… दोन्ही?… डाक्टर काय म्हणतोय?… दिवाळीपातुर… आन त्याच्या फुडं?… हं… हं… मला का न्हाय कळवलंस?… उचलला असता की फोन… बरं, नसता उचलला."

आबांचा एक नियम होता. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही. लग्नाचे फोटो दोन-दोन वर्षं कॅमेऱ्यात बसून राहत; नवरानवरीला पोर झालं की त्याचा फोटो काढून रोल संपवायचा आणि मग सगळं एकदम हातात. या शेवटच्या रोलवर एकतीस फोटो काढून आबा गेले. कुणाकुणाचे काढले, ते त्यांच्याबरोबर गेलं. आईला, म्हणजे तानाबाईंना, ते एकतीस बघायचे होते, डोळ्यांत उजेड आहे तोवर. आणि उरलेले पाच काढल्याशिवाय त्या रोल हलवू देत नव्हत्या.

"… मग पाच बारी मोकळंच बटण दाब की, झाला रोल पुरा… वाया घालवायचं न्हाय म्हणती? व्हय, आबांचंच बोलणं ते… बरं, तिला कशाचं पायजेत पाच फोटो?… कशाचं?… पाचीबी?… आरं एखादा तिचा सोताचा, एखादा पोराबाळांचा… न्हाय? पाचीच्या पाची म्हशीचं… आन तू काय म्हणालास?… न्हाय, मीबी काय म्हणलो नसतो."

चाळीस वर्षं ती बाई नवऱ्याला सांगत होती, आपल्या म्हशीचा एक फोटो काढा. "म्हशीवर फिल्म घालवाया मी काय संस्थानिक हाय का," असं आबा म्हणत. गोठ्यात एकामागनं एक सात म्हशी झाल्या. फोटो एकीचाही झाला नाही.

"… ते सगळं खरं. पर लेन्स देत न्हाय… कारण? कारण तेराव्याला तू मला पंगतीतनं उठवलंस… उठवलंसच. 'वाढपी कमी हायत' म्हणालास. दोनशे माणूस बसलं हुतं, तुला उठवाया सख्खा भाऊच घावला?… मीठ वाढाया लावलंस. मीठ… आरं भाजी तरी द्यायची हातात."

बोलता बोलता सयाजीची नजर भिंतीतल्या कपाटाकडं जात होती आणि चटका बसल्यागत परत येत होती. तिथं वरच्या फळीवर, लोकरीच्या मोज्यात, ती लेन्स होती. आणि ती कुणाला दाखवण्यासारखी नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

लेन्सच्या बुडाला पितळेचे तीन कान असतात. ते बॉडीच्या खाचांत घालून फिरवलं की लेन्स बसते. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी, थोरल्याची खुमखुमी जिरवायची म्हणून, सयाजी ती घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेला. तिथल्या गुंडू टर्नरनं लेथवर तिचे तिन्ही कान तासून काढले आणि वर आट्यांची एक चकती बसवली, की लागावी दुसऱ्या कॅमेऱ्याला. लागली. पण चकतीच्या जाडीनं लेन्स पुढं सरकली. दोन हातांवरचं तेवढं स्वच्छ, त्यापलीकडं सगळं जग धुरात. तिच्यातनं सयाजीनं धड असा एकच फोटो काढला होता, आपल्या पायाच्या अंगठ्याचा.

"… न्हाय म्हंजे न्हाय… आईनं सोता सांगितलं तरीबी न्हाय… दगड तर दगड… काय म्हणालास?… परत म्हण… बॉडी देतोस?… कायमची?… आन तुला काय पायजे तिच्या बदल्यात?… काय नगं?"

समोरचा माणूस भांडतोय तोवर बरं असतं. तो सगळंच देऊ लागला, तर आपण भांडायचं कशावर उभं राहून?

"… नगं मला… नगं म्हंजे नगं. एकेचाळीस हायत, बेचाळीसावा कुठं ठेवू, डोक्यावर?… आरं वरडतोस कशाला… आईच्या डोळ्यापरास लेन्स मोठी न्हाय मला… मग काय?… मग काय, मग काय… घासली."

"… घासली म्हणलं… मीच. लेथवर. तिन्ही कान… व्हय, आबांचीच. दुसरी कुठली… बसत न्हाय ती आता तुझ्या बॉडीला… सहा वर्सं झाली."

पुढं जोतीराम जे बोलला, ते इथं उतरवलं तर कागद पेट घेईल. सयाजीनं फोन हातभर लांब धरला, तरी भिंतीवरची पाल शेपूट तिथंच टाकून पळाली.

"… दे. दे आणखी… व्हय… तेबी खरं… गाढव चालंल… बापाला मधी आणू नगंस, तुझाबी त्योच हाय… टर्नरला कशाला शिव्या? त्यानं तीन बारी इचारलं मला, 'दादा, नक्की घासू का?'… मीच म्हणलो घास… झालं?… पाणी पी जरा."

"… प्यालास?… आता ऐक. आरं ऐक की. कान गेलं, बूड न्हाय गेलं… बूड म्हंजे बॉडीवर टेकायची जागा. ती हाय तश्शी हाय, केसभर कमी न्हाय. वरची चकती मी काढतो. मग ती बॉडीच्या तोंडावर सपाट दाबून धरली की चित्र बराब्बर पडतंय… अडकायची न्हाय, पर धरता तर येती… हातानं. वरनं काळं फडकं गुंडाळायचं, कडंनं उजेड शिरू ने म्हणून… येतंय. दुसऱ्या एका लेन्संवर केलंय मी… एकट्याला न्हाय जमत. दोन्ही हात लेन्सला लागत्यात. बटण दाबाया दुसरा माणूस पायजे."

"… तू धर, मी दाबतो… मला नेमकी येळ साधाया येती म्हणून मी दाबतो. तू आपला गप धरून उभा ऱ्हा… का?… हाताला काय झालंय?… थरथरतोय म्हंजे किती?… भरल्याली कपबशीबी न्हाय?… कवापासनं, दादा?"

हा शब्द दोघांच्याही कानावर पडला. दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं.

"… आन गोळ्या?… घेतोस का नुसत्या डबीत ठेवतोस?… बरं. बरं, नगं सांगू. मग लेन्स मीच धरतो, बटण तू… थरथरू दे की. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, बटणाला केबल लावायची, सायकलच्या ब्रेकच्या तारंवानी असती. ह्या टोकाला तू किती का थरथरनास, त्या टोकाला कॅमेऱ्याला पत्ताच न्हाय… हाय माझ्याकडं… तीन हायत, कशाला म्हणून काय इचारतोस? तुझ्याकडं साठ लेन्सा कशाला हायत?"

"… आजच. गोठ्याम्होरं ऊन कवा येतंय?… मग साडेदहाला पोचतो… जेवाया नगं काय… न्हाय, मीठ वाढाया घरात माणसं हायत म्हण म्हंजे झालं. मग जेवतो."

"… पर त्या म्हशीचं काय? दर बारी फडकं नीट कराया लागणार, येवढा येळ उभी ऱ्हाती का ती?… तू पेंड दावू नगंस, जबडा हलवती, फोटोत तोंडाच्या जागी धुकं येतंय… मी एक, दोन, तीन म्हणणार, तीनला तू दाबायचं… मीच म्हणणार… कारण भिंगातनं बघतोय मी. तुला दिसणार हाय का म्हस कवा हालली?… थोरला असशील, पर त्या फोटोत थोरलं-धाकटं कोण न्हाय, म्हस हाय… तू म्हणालास तर दोनलाच दाबशील. पाचातला एक गेला की आईला चार… मग मोजू नगंस… मी मोजणार… आरं मी म्हणलं ना…"

"… हॅलो?… कोण?… आई?"

सयाजी उभा राहिला. मांडीवरचे बारीक स्क्रू सगळ्या खोलीभर गेले. त्याला कळलंही नाही.

"… व्हय… व्हय, मीच… न्हाय गं, भांडत न्हाय, बोलतोय… त्योच वरडतोय… खाल्लंय… व्हय, त्यानं सांगितलं सगळं… लेन्स? मीच घासली… व्हय… चुकलं… पाची निघतील, एकबी जायाचा न्हाय… न्हाय, रोल दुसऱ्या कुणाला न्हाय देत. मी सोता धुतो, न्हाणीत, रातच्याला फोटो तुझ्या हातात देतो… ते? ते कोण मोजायचं ह्याच्यावर चाललंय… त्यो म्हणतोय त्यो… व्हय… व्हय, म्हस तुझ्याच आवाजाला उभी ऱ्हाती, ते खरं… मग तूच म्हण. तू 'हां' म्हणलीस की दाबू… दोघंबी गप ऱ्हातो… शपथ… हॅलो?… आई?"

तानाबाईंनी फोन ठेवला होता. त्यांना म्हैस धुवायची होती.