टॉनिकचा डबा

रत्नागिरीच्या इस्पितळात माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिचा नवरा जानू आत वॉर्डात होता. तो जिथे कामाला, त्या कोंबड्यांच्या शेडचा मालक तिला भेटायला आला.

"वहिनी, जानूचा पाय कसा आहे?"

"सडतोय. शेड साफ करताना फावडं लागलं, एवढंसं. आता डॉक्टर बोलतात, एकपण औषध लागू पडत नाय. जंतूंना औषधांची सवय झालेय."

"जानूने आधी गोळ्या खाल्ल्या असतील, अर्धवट."

"त्याने जन्मात गोळी खाल्ली नाय, सुहासभाऊ! पण लागू न पडलेल्या एका औषधाचं डॉक्टरांनी नाव घेतलं नि मी हबकलेच. ते नाव मी रोज बघते. तुमच्या टॉनिकच्या रिकाम्या डब्यात मी आमसुलं भरते ना!"

"अहो, ते टॉनिकच आहे. कोंबड्यांच्या पाण्यात घालायचं असतं. सगळेच घालतात."

"कोंबड्या आजारी होत्या?"

"आजारी पडू नयेत म्हणून. वजनही लवकर भरतं."

"म्हणजे धडधाकट कोंबडीला रोज औषध, नि माझ्या माणसाला लागू पडेल असं औषधच उरलं नाय! त्याला टॉनिक बोलताना जीभ कशी झडत नाय तुमची?"

"हळू बोला, लोक बघतायत. हे घ्या, आमच्या हिने जानूसाठी सूप दिलंय."

"तुमच्या शेडमधल्या कोंबडीचं?"

"छे छे! परसातल्या गावठीचं."

"तिला पाजता टॉनिक?"

"तिला कशाला? ती आम्हाला घरात खायची असते."