नलिनीमेडमचा पहिला तास

समोर बसलेले मेडमचे भाऊ शामअण्णा, वहिनी, समाजातली सगळी वडील मंडळी आणि कॉलेजातून आलेले सहकारी, सगळ्यांना नमस्कार. अण्णांनी काल सांगितलं, "रेखा, तू अक्काची विद्यार्थिनी, तू दोन शब्द बोल." मी हो म्हटलं. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नलिनीमेडम चांगल्या होत्या, एवढंच सांगून मी खाली बसू शकते. ते खरंही आहे. पण तेवढंच सांगितलं तर त्यांच्या मनात जे इतकी वर्षं सलत होतं ते इथून तसंच निघून जाईल. ते मला नको आहे.

मी पीयूसीला, म्हणजे बारावीला, होते तेव्हाची गोष्ट. मेडम आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. कॉलेजचा नियम असा, की घंटा झाली की गेट बंद. उशिरा आलेल्याला पहिला तास नाही, हजेरीही नाही. माझ्या वर्गात मंजुळा होती, येलवाल गावाकडून बसने यायची. सकाळची बस येलवालला येईपर्यंत भरलेली असायची, थांबायचीच नाही. पुढच्या बसने आली की गेट बंद.

मेडमनी वर्गाला निबंध घातला. उशिरा येणाऱ्यांना गेट बंद करावं का, तुमचं मत मांडा.

मंजुळाने रागाने पानं भरली. नियम क्रूर आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, वगैरे. मेडमनी तिला बोलावलं, मी शेजारीच होते. म्हणाल्या, "सगळ्यांना म्हणजे कोणाला? नाव सांग." आणि पुढे म्हणाल्या, "गेट उघडं ठेवा ही झाली मागणी. तुझं म्हणणं काय? कोणाला, कधी आणि का आत घ्यावं? एका वाक्यात सांग. आधी कन्नडात सांग, इंग्रजीचं मग बघू."

ते एक वाक्य सापडायला तिला आठवडा लागला असेल. बसने येणाऱ्यांना पहिल्या तासाला मागच्या दाराने आत येऊन शेवटच्या बाकावर बसू द्यावं. मग मेडम म्हणाल्या, "आता पुरावा." मंजुळा कंडक्टरशी बोलली, बस का थांबत नाही ते विचारून आली. स्टॉपवर उभ्या असलेल्या बाकीच्या मुलींना विचारून आली.

मग मेडमनी सगळ्यात अवघड काम दिलं. "प्रिन्सिपॉल गेट का बंद करतात? दुष्ट आहेत म्हणून? तसं लिहिलंस तर ते पहिल्याच ओळीला कागद खाली ठेवतील. त्यांचं म्हणणं असं लिही, की वाचून ते म्हणाले पाहिजेत, हौदु, होय, हेच माझं म्हणणं."

मंजुळाला ते लिहिताना रडू आलं होतं. पण तिने लिहिलं. मधेच दार उघडलं की सगळ्या वर्गाचं लक्ष मोडतं. काही मुलं चहाच्या टपरीवर बसतात आणि बसचं नाव सांगतात. हे खरं आहे, असं तिने कबूल केलं. आणि त्यानंतर शांतपणे उत्तर दिलं, की टपरीवरच्या मुलाची शिक्षा बसमधल्या मुलीला का?

मी स्वतः आता निबंध शिकवते. तसा निबंध मला परत वाचायला मिळाला नाही.

मेडम तो घेऊन प्रिन्सिपॉलांकडे गेल्या. त्यांनी सगळा वाचला. म्हणाले, "फार छान लिहिलंय. मुद्दा पटण्यासारखा आहे. बोर्डावर लावा."

बोर्डावर लागला. आणि दुसऱ्या दिवशी गेट बंदच होतं. निबंध आत, मंजुळा बाहेर.

हजेरी कमी पडली. परीक्षेला बसू दिलं नाही. वडिलांनी तिला कपड्यांच्या कारखान्यात कामाला लावलं. मेडम मला घेऊन येलवालला तिच्या घरी गेल्या. मंजुळाने आम्हाला कॉफी दिली. मेडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत ये, मी बघते." ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने विचारलं, "मेडम, निबंध चांगला होता ना? मत्ते?"

मत्ते म्हणजे मग. मग काय झालं, मग काय उपयोग.

मेडमनी कप खाली ठेवला आणि आम्ही निघालो. परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "रेखा, समोरच्याला कसं पटवायचं ते मी तिला शिकवलं. पटूनसुद्धा माणूस जागचा हलत नाही, हे नाही शिकवलं. ते कसं शिकवतात मला माहीत नाही."

पुढच्या वर्षी त्यांनी आपला पहिला तास रिकामा मागून घेतला, आणि गेटसमोरच्या स्टेशनरी दुकानाच्या पायऱ्यांवर उशिरा आलेल्या मुलींना शिकवायला लागल्या. प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. मेडम म्हणाल्या, "सर, वर्ग मोडू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून मीच बाहेर जाते." विभागप्रमुखपद त्यांना कधीच मिळालं नाही. नियम त्या निवृत्त झाल्या तेव्हाही तसाच होता.

मी एकदा विचारलं, "मेडम, एवढं होऊनही तुम्ही निबंध इतका काटेकोर का शिकवता?" म्हणाल्या, "कच्चं लिहिलं तर नाही म्हणायला त्यांना कारण मिळतं. नीट लिहिलं की कारण उरत नाही. मग ते कारण नसताना नाही म्हणाले, एवढं तरी चारचौघांना दिसतं."

खरं सांगू? हे उत्तर मला पुरत नाही. त्यांनाही पुरत नव्हतं. गेल्या महिन्यात भेटायला गेले, तेव्हा श्वास लागत होता तरी त्यांनी विचारलं, "मंजुळाचं काही कळलं?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

कारखाना बंद झाला, तिचं घर तिथे राहिलं नाही, एवढंच मला माहीत आहे. तुमच्यात कोणाचं त्या बाजूला जाणं-येणं असेल, कोणाला ती भेटली, तर नलिनीमेडम गेल्या एवढं तिला सांगा. समजूत घालू नका. ती जे बोलेल ते ऐकून घ्या.

आता सगळे उभे राहू या. मेडमना नमस्कार करू या, आणि थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.