मशीनसंगं दिलेले हातमोजे

मूळ गाव आमचं लोणी काळभोर, जातीनं सुतार. आजा नांगर करायचा, वडील दारं-खिडक्या करायचे आन मी करवती विकतो, म्हंजी बघा तीन पिढ्यांत कुठनं कुठं आलो ते. वडलांच्या हाताखाली मी करवत धरली, रंधा मारला, पर पुढं लोकं तयार दारं आणाया लागली, मंग वडीलच म्हनले, दशरथ, हितं आता काय न्हाय, शहरात जा. तवापासनं हितं भवानी पेठेत, हत्यारांच्या दुकानात हाय. मालक गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाईक मी बघतो.

पयले सुतार यायचे. सुताराला काय सांगावं लागत न्हाय, त्यो दातांवर अंगठा फिरवतो आन घेऊन जातो. आता येत्यात ते हौशी लोक. हिंजवडीचे कॉम्प्युटरवाले, रिटायर झालेले, कुनाला बाल्कनीत लाकूडकाम करायचंय, कुनाला पार्किंगच्या कोपऱ्यात. मोबाईलवर बघून येत्यात आन आल्या आल्या टेबल सॉ मागत्यात, म्हंजी टेबलाच्या मधनं गोल करवत वर आलेली असती न्हाय का, ती. मी म्हंतो, साहेब, आधी एक चांगली हातकरवत घ्या, एक गुण्या घ्या काटकोन बघायला, चार क्लॅम्प घ्या लाकूड आवळून धरायला, सहा महिने हातानं कापा, मशीन काय पळून जात न्हाय. अहो, मशीन वाकडं बी लई जोरात कापतं. काय सांगू तुम्हाला, हसत्यात आन मशीनच घेत्यात. मी बी देतो. पोट हाय.

लेले सर हसले न्हाईत. गणिताचे मास्तर, रिटायर झालेले, घर एरंडवण्याला, खाली गॅरेज रिकामं कारण गाडी विकलेली. वही घेऊन आलते. म्हनले, दशरथराव, मी गिऱ्हाईक नाही, विद्यार्थी आहे, पण विद्यार्थ्याला उल्लू बनवलंत तर गाठ माझ्याशी आहे. असं बोलनं त्येंचं. सहा महिने खरंच हातकरवत मारली त्येंनी. दर पंधरा दिसांनी कापलेली फळी पिशवीत घालून दाखवाया आणायचे, मी गुण्या लावायचो, म्हनायचो सर, मधी पोट आलंय, तर म्हनायचे, फळीला का मला? आन आपलेच हसायचे. माया लागली हो. मला बी वडलांनंतर कुनी असं लाकडाबद्दल बोलाया भेटलं नव्हतं.

सहाव्या महिन्यात फळी सरळ आली. मीच म्हनलं, सर, आता घ्या मशीन. चार मशीनं उघडून दाखवली. उभं चिरायला कमी दातांचं पातं, आडवं कापायला जास्त दातांचं, समदं वहीत लिहून घेतलं त्येंनी. पात्यावरचं गार्ड काढू नका म्हनलं, लोकं काढून माळ्यावर टाकत्यात. बटन बंद केलं तरी पातं फिरत राहतं, हात घालू नका म्हनलं. येवढं समदं सांगितलं, आन निघताना जाड सुती हातमोज्यांची एक जोडी वर फुकट दिली. ही कल्पना माझी. मीच मालकाला म्हनलं व्हतं, शेठ, हातमोज्यांचा गठ्ठा घेऊन ठेवा, प्रत्येक मशीनसंगं एक जोडी देऊ, गिऱ्हाईक खूश. मला आपलं वाटायचं, हातात काय घातलं म्हंजी हात वाचतो. वडलांकडं फिरतं पातं कधी नव्हतंच की, मला कोन सांगणार.

दिवाळीच्या आधी, सकाळी दुकान उघडत व्हतो आन फोन आला. सरांच्या घरच्या, काकू. म्हनल्या, अहो दशरथराव, त्या मशीनचं बटण कुठलं हो? मी ह्यांना घेऊन दवाखान्यात निघालेय आणि ते बंदच होत नाहीये. मला फोनमधनं मशीन ऐकू येत व्हतं. मी म्हनलं, उजव्या अंगाला लाल बटन हाय काकू, लाल. मंग त्यो आवाज हळूहळू बसत गेला, बसत गेला, आन मंग नुसतं सरांचं कन्हनं.

डाव्या हाताची दोन बोटं. गेली मुळापासनं.

पुढं आठ दिसांनी काकूंनी मशीन परत धाडलं, म्हनल्या हे डोळ्यांसमोर नको. मी ते उघडलं. कंपनीचा मेकॅनिक दुसऱ्या कामाला आलता, त्यो बी वाकून बघाया लागला. पात्याच्या मुळाशी सुताचे धागे गुंडाळल्याले, काळे पडल्याले. त्यो म्हनला, ग्लोव्हज कुणी घातले? फिरत्या पात्यापाशी ग्लोव्हज घालतात का कधी? उघड्या हाताला दात लागला तर माणूस हात मागं घेतो, कातडं फाटतं, पण बोट वाचायचा चान्स असतो. हातमोज्याचा धागा दाताला अडकला की पातंच हात आत ओढतं. बॉक्समधल्या पुस्तकात लिहिलेलं असतं की, वाचत नाही का तुम्ही लोक? न्हाय वाचत. इंग्रजीत व्हतं. त्यो गेला आन मी चिमट्यानं एकेक धागा काढत बसलो. उरलेला गठ्ठा त्याच दिशी कचऱ्यात टाकला. मालकाला म्हनलं, माल संपला.

मंडईतनं मोसंबी घेऊन मी सरांना बघाया गेलो. त्येंच्या म्होरं बसलो. सांगायचं म्हनूनच गेलतो, आईशपथ. तर सरच म्हनले, दशरथराव, चूक माझी, तुम्ही सगळं नीट सांगितलं होतं. आन काकू म्हनल्या, ह्यांचा पहिल्यापासूनचा वेंधळेपणा. सर मान खाली घालून बसले. मी चहा प्यालो आन उठलो.

तीन वरसं झाली. दुकानात कुनी बी मशीन चालवून बंद केलं की पातं थांबेस्तवर त्यो आवाज येतो, आन त्यात मला काकू ऐकू येत्यात. बटण कुठलं हो. गिऱ्हाईक समोर बोलत असतं आन मी तोंडातनं लाल बटन, लाल बटन करतो. बायको म्हनली कुनाला तरी दाखवून घ्या. मालक म्हनला चार दिस गावाला जा. गेलो. तिथं पिठाची गिरणी बंद झाली तरी तेच.

आन यंदा पाडव्यानंतर सर दुकानात आले. डावा हात खिशात. म्हनले, विद्यार्थी नापास झाला, पण शाळा सोडलेली नाही. एका हाताला झेपेल अशी करवत दाखवा, म्हनले. मी त्येंना पातळ पात्याची, आपल्याकडं ओढून कापायची करवत काढून दिली, तिला जोर कमी लागतो. फळी धरायला डावा हात आता पुरत न्हाय, म्हनून टेबलाला आवळायचा शिकंजा दिला. किती बरं वाटलं म्हनून सांगू. आन पिशवी भरताना सर म्हनले, ते जाड हातमोजे होते ना, एक जोडी द्या. हात बसला की मशीनही परत घेईन. ते हातमोजे होते म्हणून दोनावर भागलं हो, नाहीतर पंजाच गेला असता. मी तर भेटेल त्याला सांगतो, हातमोजे घालत जा.

मी पिशवी बाजूला सारली. म्हनलं सर, बसा. आन समदं सांगितलं. धागे, मेकॅनिक, मोसंबी, समदं. सर स्टुलावर बसून ऐकत व्हते. मला वाटलं आता मारतील, मारलं असतं तर बरं झालं असतं. सर म्हनले, तीन वर्षं मी घरात वेंधळा म्हणून राहिलो. मंग म्हनले, आणखी कितीजणांना दिलेत?

मी गल्ल्याखालच्या जुन्या बिलांकडं बघितलं.

म्हनले, त्यांना कळवलंत?

अहो, सुचलंच नव्हतं मला. तीन वरसं मी सरांची दोन बोटं उरावर घेऊन फिरत व्हतो, आन ज्येंची शाबूत व्हती त्येंची याद बी आली न्हाय. सर म्हनले, माझं फळ्यावर चुकलं तर मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगायचो. तुम्हाला दुसरा दिवस उजाडलाच नाही का? करवत घेतली आन गेले. माफ केलं असं म्हनले न्हाईत. म्हननार बी न्हाईत.

तवापासनं जुन्या बिलांवरचे नंबर काढून दुपारच्या सुट्टीत फोन करतो. हातमोजे देत व्हतो त्या दोन वरसांत जेवढी मशीनं विकली, त्येवढे फोन. कुनी हसतं, कुनी म्हनतं मशीन धूळ खात पडलंय, एक बाई म्हनल्या देव तुमचं भलं करो. कितीक नंबर बंद हायेत, त्येंचं काय करू. परवा धायरीच्या एका गिऱ्हाईकाला लावला. मी समदं सांगितलं, त्येच्या मागं कुकरची शिट्टी झाली. मंग म्हनला, आत्ता फोन करताय? आन ठेवला.

पुन्हा लावला तर उचलत न्हाय. बिलावर पत्ता हाय. रविवारी जाणार हाय मी. मालक म्हनतो, मार खाऊन येशील. खातो की. माझं तर तेच मागनं हाय देवापाशी, की त्येनं दार उघडावं आन दोन्ही हातांनी, धडधाकट दोन्ही हातांनी, मला धक्के मारून जिन्यावरनं खाली काढावं.