राक्षसाची साक्ष

तुम्ही सगळे इथल्या, सिंगापूरच्या हौगांग भागातल्या नीलेशला साधा समजता, म्हणून सांगतो. मी हौसेने एक ऑनलाइन गेम बनवलाय. त्यात चित्रं नाहीत, सगळं टाइप करून खेळायचं. कोड मी फुकट वाटतो, अट एकच: पहिल्या पानावर माझं नाव ठेवायचं. नीलेशने तोच कोड घेऊन स्वतःचा गेम काढला आणि माझं नाव उडवलं.

खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये त्याला गाठलं. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, घोट घेत म्हणाला, "सगळं मीच लिहिलंय."

"मग गुहेतल्या राक्षसाला वरणभात दे."

त्याने फोनवर तसं टाइप केलं. राक्षस बोलला, "मला मंदारने घडवलं." चोर पकडायला माझ्या नावाची ही खूण मीच कोडमध्ये लपवली होती.

नीलेश अजिबात दचकला नाही. फोन माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आता मासा दे."

दिला. राक्षस बोलला, "मला फिनलंडच्या योहानने घडवलं. त्याचं नाव काढू नका."

माझा कोड मुळात त्याच्याच कोडवरून घेतलेला, आणि त्याचं नाव मी केव्हाच काढलं होतं. पान जरा मोकळं दिसावं म्हणून.

आता दोन्ही गेमच्या पहिल्या पानावर योहान सगळ्यात वर आहे. राक्षसाला मात्र आम्ही दोघंही काही खाऊ घालत नाही.