उरलेल्या औषधाची बाटली

आमी मूळचे राणीसावरगावकडचे. बापाच्या घरी शेती थोडी आन मेंढ्या लय, तवा मला चालायला आलं तसं मेंढ्यामागं चालणंच आलं. लग्न होऊन इकडं बोरीच्या बाजूला आले तर सासरी कोयता. दसरा झाला की ऊस तोडायला जायचं, बारा वर्स गेले मी. मंग मालकाला म्हणलं, मला चार मेंढ्या घेऊन द्या, मी काय आता जात न्हाई. चाराच्या तीस झाल्या आन आमच्या घरचा कोयता सुटला. माजा पोरगा नामदेव, त्याला म्या उसाचं पाचट लागू दिलं न्हाई, ते ह्या मेंढ्यायच्या जिवावर.

हिवाळ्यात मेंढीला छातीत धरतं. नाक गळतं, धाप लागते, कान पाडून कोपऱ्यात उभी राहते. जनावराचा दवाखाना दूर, म्हणून सुई मारायचं मी बघून बघून शिकले. दुकानातून बाटली आणायची, दोन दिस सुई द्यायची, तिसऱ्या दिशी मेंढी रवंथ करायली की बंद. चांगल्या जनावराला कामून टोचावं? उरलेली बाटली भिंतीतल्या देवळीत. शेजारी माजी जाऊ राहते, सरूबाई, तिची मेंढी खोकली की विरजण मागावं तशी ती बाटली मागायला येणार, आन मीबी द्यायची, आपल्याच माणसाला न्हाई कसं म्हणावं. काय सांगू तुमाला ताई, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आन मुंगीच्या पावलानं जातं, ह्ये आमी लेकरायला सांगतो, आन मेंढ्याचं दुखणं मात्र दोन दिसात हाकलायला निघालाव.

मागच्या हिवाळ्यात खोकला आला. म्या सुई दिली, काई फरक न्हाई. नामदेव म्हणला, आई, डॉक्टरला बलावू. मी त्याच्यावरच उखडले, तू पाळण्यात होतास तवापासून सुई मारायले मी, तू मला शिकवतूस का. दुसऱ्या दिशी जास्तीची दिली आन त्याला सांगितलं, कमी व्हायलंय. कमी काय डोंबल व्हायलं होतं, खोटंच बोलले मी. चौथ्या दिशी मेंढ्यायच्या वाड्यात सात मेल्या होत्या, सगळ्या गाभण.

मंग नामदेवानं मला न इचारताच डॉक्टरीण आणली. लेकीच्या वयाची पोरगी. तिनं मेंढ्यायच्या नाकातला शेंबूड कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला धाडला, तवर आनखी गेल्या. तपासणी आली तवा म्हणली, मावशी, ह्ये जंतू तुमच्या औषधाला आता जुमानत न्हाईत. दोन दिसात कच्चे मरतात, पक्के उरतात, मेंढी बरी दिसते पर आतून पक्क्यायचीच पिलावळ वाढते, मंग ती शेजारच्या वाड्यातबी जाते. मी म्हणलं, म्हंजे म्याच पोसले की त्यायला. तिनं दुसरं औषध दिलं, पाच दिस, रोज न चुकता, त्यानं नऊ वाचल्या. सरूबाईच्याबी लय मेल्या. ती मला एका शब्दानं बोलली न्हाई, त्याचं मला लय वाईट वाटतं.

आता मेंढी खोकली की डॉक्टरणीला फोन, ती सांगल तितके दिस सुई, मेंढी उड्या मारायली तरी. बाटली कुणाला देत न्हाई. लोक म्हणतेत म्हातारी चिक्कट झाली. म्हणू द्या.

नऊ मेंढ्यावर घर चालत न्हाई. दसरा झाला तसे नामदेव आन सून ऊसतोडीला गेले, पोरीला साळंसाठी माज्यापाशी ठेवलं. ट्रॅक्टरमंदी बसताना त्याच्या तोंडाकडं मला बघवलं न्हाई. रोज सांजच्याला फोन करतो. आई, मेंढ्या खोकायल्यात का. मी म्हणते, न्हाई रे बाबा, एकबी न्हाई. मंग म्हणतो, फोन पोरीकडं दे. मी देते. तो तिला तेच इचारतो. त्याचं काई चुकत न्हाई ताई. देव त्याला सुखात ठेवो.